पंधरावा नमुना

“मॅडम, बादलीतला जंतू आणि पेशंटच्या रक्तातला जंतू एक नाही.”

मंगळवारी सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेतून फोन आला, तेव्हा डॉक्टर चंद्रिका नुकती खुर्चीत टेकली होती. ती उठून उभी राहिली.

“नक्की?”

“दोनदा करून पाहिलं. जात एकच, पण वंश वेगळा. त्या दोन जंतूंचा काही संबंध नाही. कुशल आणि नीलम यांच्यात सापडलेला जंतू मात्र एकच आहे. दोघांना तो एकाच ठिकाणाहून लागलाय.”

फोन ठेवल्यावर चंद्रिकाला आधी कुशल आठवला नाही, नीलमही नाही. आठवली ती हरिणी, आणि शरमेनं तिचे कान तापले.

चेन्नईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या जळीत विभागात संसर्ग कुठून शिरला हे शोधणं चंद्रिकाचं काम. गेल्या शुक्रवारी तिनं ते शोधलं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. फरशी पुसायच्या बादलीत जंतू सापडला आणि तिनं अहवालात लिहून टाकलं, ‘सफाई कामगार हरिणी हिचा निष्काळजीपणा.’ नुसतं लिहून थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. वॉर्डात सगळ्यांदेखत ती हरिणीला म्हणाली होती, तुझ्या घाणेरड्या कामामुळे एक मुलगा मरणाच्या दारात आहे.

त्याच दिवशी हरिणीला घरी बसवलं. आता या शुक्रवारी चार वाजता समिती बसणार होती आणि तिची अठरा वर्षांची नोकरी जाणार होती. घाण पसरवली म्हणून काढलेल्या बाईला शहरातलं दुसरं कुठलं रुग्णालय दारात उभं करणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. सुळी देणारी आपण, आणि हातात दिवस तीन.

चंद्रिका जिना चढून वॉर्डाकडे निघाली.

कुशल सत्तावीस वर्षांचा, मूळचा संगमनेरचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात रंगाच्या विभागात भडका उडाला आणि त्याचे दोन्ही हात, छाती, मान भाजली. नऊ दिवस तो सुधारत होता. दहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, जखमेवर हिरवट पाणी दिसलं आणि रक्तात जंतू निघाला. त्याच्या आधी दोन आठवडे नीलमचं तसंच झालं होतं. ती तांबरमच्या वसतिगृहातली मुलगी, गॅसच्या भडक्यात भाजलेली. तिच्या पाठीवर लावलेली नवी कातडी याच जंतूनं खाऊन टाकली. ती वाचली, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दाराबाहेर कुशलची बहीण अदिती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून इथूनच काम करत होती.

“डॉक्टर, ती बाई गेली ना आता?” तिनं विचारलं. “म्हणजे आता दुसऱ्या कुणाला नाही ना होणार?”

चंद्रिकानं प्रश्न टाळला. कुशल कसा आहे, एवढंच तिनं विचारलं. औषध लागू पडतंय, ताप उतरतोय, असं अदिती म्हणाली. मग राघोत्तमकाकांचं कौतुक सुरू झालं. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांत कुशलशी मराठीत बोलणारे तेवढेच. तेच ड्रेसिंग करतात म्हणून तो सहन करतो. “म्हणतो, त्यांचे हात इतके थंडगार लागतात की आग निम्मी कमी होते.”

राघोत्तम म्हणजे चंद्रिकाचे सख्खे काका. वॉर्डात एकतीस वर्षं ड्रेसर. जखमेच्या वासावरून पुढचं सांगणारे. चंद्रिकाचे वडील ती सातवीत असताना गेले. तेव्हापासून तिच्या फीपासून पुस्तकांपर्यंत सगळं या माणसानं केलं. घराणं तंजावरकडचं मराठी, कर्मठ. काका बाहेरचं पाणी पीत नाहीत, घरून नेलेलंच पितात. पहाटे अंघोळ, पूजा, आणि मग कामाला. रुग्णालयात म्हणायचे, स्वच्छता शिकायची तर राघोत्तमकडून शिका. चंद्रिकाला ते ऐकायला आवडायचं.

आत सिस्टर विजयालक्ष्मी नोंदी करत होत्या. वॉर्ड त्यांच्याच ताब्यात. दोघी तमिळमध्ये बोलू लागल्या.

“कुशल आणि नीलमला कोणी कोणी हात लावला?”

“सगळ्यांनीच. पंधरा माणसं आहोत आम्ही. तुम्ही आमच्या हातांचे नमुने घेतलेत ना?”

“नीलमच्या वेळीच. चौदा नमुने. सगळे स्वच्छ निघाले.”

सिस्टरनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

चंद्रिकानं रक्ताच्या अहवालांची फाइल मागवली. या वॉर्डात दर तीन दिवसांनी पांढऱ्या पेशी तपासायची पद्धत तिनंच लावली होती. जबर भाजलेल्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, आणि नवशिका डॉक्टर खूश होतो. पण ती घाईघाईनं केलेली पोलीसभरती असते. पोरं गणवेशात दिसतात, पण त्यांना रस्ता सापडत नाही आणि चोर पकडला तरी कोंडता येत नाही. त्यातल्या काही पेशींचं काम जंतूचा तुकडा वर धरून बाकीच्यांना ओळख पटवायचं असतं. भाजल्यावर त्यांचे हातच खाली येतात. अशा दिवसांत एरवी निरुपद्रवी असलेला जंतूही शरीर ताब्यात घेतो.

सहा खाटांपैकी तिघांच्या पेशी अशा ढासळल्या होत्या. कुशलच्या, नीलमच्या आणि खाट तीनवरच्या माधवरावांच्या. माधवराव साठीचे निवृत्त कारकून, निम्मं अंग भाजलेलं. आकडे पाहिले तर तिघांत सगळ्यात वाईट अवस्था त्यांची होती. बाकीचे तिघे थोडके भाजलेले, त्यांच्या पेशी धड होत्या.

“सिस्टर, माधवरावांना काहीच कसं झालं नाही?”

“देवाची कृपा.”

“ज्याच्या घराला दारच नाही त्याच्याकडे चोर गेला नाही, आणि मोडकी का होईना, कडी लावलेल्या दोन घरांत शिरला. असं कसं? त्यांचं काय वेगळं आहे?”

विजयालक्ष्मींनी विचार केला. “काही नाही. तोच वॉर्ड, तीच फरशी, तीच बादली. फक्त ड्रेसिंग इथे नाही होत. जखम फार मोठी, म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन करतात. तिथले सर्जनच करतात.”

“आणि बाकी पाचजणांचं?”

“इथेच. ड्रेसिंगरूममध्ये.”

“तिथे दोन महिन्यांत काय बदललं?”

“तुम्हीच बेसिन काढायला लावलंत.”

ते खरं होतं. हा जंतू ओलाव्यात राहतो, बेसिनच्या नळीत घर करतो. म्हणून जानेवारीत पोंगलनंतर चंद्रिकानं ड्रेसिंगरूममधलं बेसिन उखडायला लावलं होतं. आता हात अल्कोहोलनं चोळायचे, ते सुकू द्यायचे आणि मग मोजे चढवायचे. खोलीत पाण्याचा थेंब नको. त्याबद्दल तिची पाठही थोपटली गेली होती.

“आणखी काही?”

“हातमोजे जास्त फाटतात. काका आता साडेसातऐवजी आठ नंबरचे मागतात. वय झालं, बोटं सुजत असतील.”

बाकी सगळं चंद्रिकानं लिहून घेतलं होतं. हे लिहिलं नाही.

दुपारी ती हरिणीच्या घरी गेली. शोळिंगनल्लूरच्या पुढे सरकारी गाळ्यांच्या इमारती आहेत, त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर. हरिणीनं दार उघडलं, प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. घर लख्ख होतं. ते पाहून आपल्याला नवल वाटलं हे चंद्रिकाच्या लक्षात आलं आणि तिची मान खाली गेली. माफी मागायची म्हणून ती आली होती. तोंडातून निघाला तो प्रश्न.

“बादली रोज धुतेस?”

“रोज. औषध घालून.”

“ड्रेसिंगरूम कोण पुसतं?”

“मीच. फरशी, टेबल, कपाट. वरचा खण सोडून.”

“तो का सोडून?”

“तिथे मी हात लावायचा नाही, असं सांगितलंय. एकदा पुसायला गेले तर मला दारातच थांबवलं.”

“काय असतं तिथे?”

“झाकणाचा गडू. घरून बाटलीभर पाणी येतं, ते त्यात ओततात. गडू कधी पुरता रिकामा करत नाहीत. मला वाटलं, पूजेचं असेल.”

“कोणाचा गडू?”

हरिणीनं तिच्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्हाला माहीत नाही?”

खाली पाण्याचा टँकर आला होता आणि बायकांची रांग लावायची गडबड चालली होती.

“हे तू चौकशीत का नाही सांगितलंस?”

“तुम्ही बादलीचंच विचारलंत.”

संध्याकाळी काकांची पाळी संपल्यावर चंद्रिकानं ड्रेसिंगरूममध्ये जाऊन वरच्या खणातून गडू काढला. घरच्या देवघरात होता त्याचा जोडीदार. तिनं काचेच्या नळीत पाणी घेतलं, झाकण लावलं आणि गडू होता तसा ठेवला. आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं. खरं तर चोरी तिनं आधीच केली होती आणि आता ती उघडकीला येत होती. त्याच रात्री तिनं सिस्टरना निरोप दिला, शुक्रवारपर्यंत सगळी ड्रेसिंग थिएटरमध्ये करा. कारण सांगितलं नाही. काकांना नोंदींच्या कामावर बसवलं.

बुधवार, गुरुवार वाईट गेले. मनात पाप येऊन गेलं, ते लपवण्यात अर्थ नाही. गडू मोरीत ओतून द्यायचा. बादलीचा जंतू जुळत नाही, उगम सापडला नाही, असं समितीला सांगायचं. हरिणीची नोकरी पुराव्याअभावी वाचेल. काकांचं नाव राहील. चंद्रिकाचंही. फक्त हरिणीच्या मागे जन्मभर ‘तीच ती’ हे लागून राहील. पुराव्याअभावी सुटलेल्याला लोक निर्दोष म्हणत नाहीत. गुरुवारी काकांनी तिला जेवायला बोलावलं. तब्येत बरी नाही, असं खोटं सांगून तिनं टाळलं.

शुक्रवारी दोनला प्रयोगशाळेचा कागद आला. चारला समिती बसली. टेबलाच्या डोक्याशी अधीक्षक शेषगिरी, शेजारी विजयालक्ष्मी. हरिणी दारापाशी उभी होती, कोणी तिला बस म्हणालं नव्हतं. चंद्रिकाच्या विनंतीवरून राघोत्तमकाकांनाही बोलावलं होतं. धुतलेला पांढरा शर्ट घालून ते सरळ पाठीनं बसले होते.

“सर, माझा अहवाल चुकीचा आहे,” चंद्रिकानं सुरुवात केली.

शेषगिरींनी चष्मा काढला. “म्हणजे बादली नाही?”

“नाही. कुठल्याही फरशीच्या बादलीत या जातीचा जंतू सापडतो, पण तो वेगळ्या वंशाचा. सापडला, आणि मी तिथेच थांबले. दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय हा आजार होत नव्हता. रुग्णाच्या पेशी ढासळलेल्या हव्यात, आणि त्याचं ड्रेसिंग वॉर्डातल्या खोलीत झालेलं हवं. माधवरावांच्या पेशी सगळ्यात वाईट, पण त्यांचं ड्रेसिंग तिथे झालं नाही. ते वाचले. थोडके भाजलेल्या तिघांचं तिथे झालं, पण त्यांच्या पेशी शाबूत होत्या. तेही वाचले. दोन्ही गोष्टी फक्त कुशल आणि नीलमला लागू होतात. बादली तर सहाही खाटांखालून फिरते.”

“खोलीतलं औषध? कापूस?”

“तपासलं. स्वच्छ. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तिथे असा आजार नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मी बेसिन काढलं. मग मला विचारायला हवं होतं, की बेसिन गेल्यावर पाण्यावाचून कोणाचं अडलं? दोन खुणा माझ्यासमोर होत्या. हातमोजे फाटत होते आणि मोठे लागत होते. सुजलेल्या बोटांनी मोजा घट्ट होतो, पण फाटतो तो ओल्या हातावर ओढताना. आणि कुशलला हात थंड लागायचे. अल्कोहोल तर अर्ध्या मिनिटात उडून जातं. मोज्याच्या आतून गारवा लागतो तो पाण्याचा.”

काकांची बोटं गुडघ्यावर हलली.

“मोजे घालायच्या आधी कोणीतरी अल्कोहोल चोळलेले हात पुन्हा पाण्यानं धूत होतं. ओल्या हातानं मोजा ओढला की ते पाणी बाहेरच्या बाजूला लागतं, आणि तिथून जखमेला. पाणी वरच्या खणातल्या गडूतलं. हा त्याचा अहवाल. गडूतला जंतू आणि दोघांच्या शरीरातला जंतू एकच आहे.” तिनं कागद शेषगिरींपुढे सरकवला. “गडू माझ्या काकांचा आहे.”

शेषगिरी काकांकडे वळले. काका बोलले ते चंद्रिकाशी, घरातल्या जुन्या मराठीत.

“चंदू, दारूचे हात जखमेला लावणं मज होईना. जखम म्हणजे उघडा देह की. बेसिन होतं तेव्हां लावून धुवत होतो. ते गेलं. म्हणोन विहिरीचं पाणी आणलं, त्यात काशीची गंगा चमचाभर घातली. तो अंश राहायला पाहिजे म्हणोन गडू पुरता ओतला नाही, वरनं भरत गेलो. अस्क्यांस, एकूण एक पेशंटास, बरं व्हावं म्हणोनच केलं.” ते थांबले. “त्या पोरांस माझ्या हातानं लागलं काय?”

“हो, काका.”

खोलीत मराठी कळणारं तिसरं कोणी नव्हतं. शेषगिरी वाट पाहत होते. चंद्रिकाला काकांचं शब्द अन् शब्द तमिळमध्ये सांगावं लागलं. सांगताना तिला दिसत होतं, तो गडू म्हणजे विरजणाचं भांडं झाला होता. कालचं थोडं आजच्यात, आजचं उद्याच्यात, आणि त्या पाण्यात जंतू आरामात वाढत होता. धडधाकट माणूस तेच पाणी प्यायला तर त्याला काही होत नाही. ती स्वतः लहानपणी तसलंच पाणी प्यायली होती.

“पण तुम्ही हातांचे नमुने घेतले होते,” शेषगिरी म्हणाले. “त्यात हे कसं सुटलं?”

दिव्याखाली अंधार असतो, पण इथे दिवा तिनं स्वतः धरला होता.

“माणसं पंधरा होती आणि मी नमुने चौदा घेतले. पंधरावा काकांचा. प्रयोगशाळेच्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, त्यांचे राहू देत, त्यांच्याइतके स्वच्छ हात या इमारतीत नाहीत. कुशल आजारी पडल्यावर बादली मात्र मी सगळ्यात आधी तपासली. मी जंतू शोधत नव्हते, सर. घाणेरडं कोण ते मी आधीच ठरवलं होतं. तो नमुना घेतला असता तर जंतू नीलमच्याच वेळी सापडला असता आणि कुशलपर्यंत पोचला नसता. काकांना कळत नव्हतं. मला कळत होतं. दोषी म्हणून माझं नाव लिहा.”

ती दाराकडे वळली. हरिणीची माफी तिनं तमिळमध्ये मागितली, आणि वॉर्डात ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर पुन्हा मागेन असंही सांगितलं. काका उठले, हरिणीपुढे हात जोडायला गेले, पण ते जुळेनात. मग ते कोणाकडेच न बघता बाहेर निघून गेले. चंद्रिका त्यांच्या मागे गेली नाही. जायचं धाडस तिला झालं नाही.

समितीनं लिहून दिलं. हरिणी निर्दोष, सोमवारपासून कामावर. चंद्रिकाची चौकशी बाहेरचा डॉक्टर करील. कुशलच्या जिवाचा धोका टळला आहे, पण डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागतील, असं सर्जननी दुपारीच कळवलं होतं. तेही शेषगिरींनी वाचून दाखवलं.

बाहेर जिन्याशी हरिणी थांबली होती.

“मॅडम,” तिनं हळूच विचारलं, “गडूचं मी आधीच सांगितलं असतं, तर त्या मुलाची बोटं वाचली असती का?”

आतल्या चारजणांपैकी हा प्रश्न स्वतःला कोणी विचारला असेल नसेल. विचारला तो हिनं, जिचा यात काडीचा दोष नव्हता. चंद्रिकाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. नाही गं, तुझा काय संबंध, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती.

“तू सांगितलं असतंस,” ती म्हणाली, “तरी मी ऐकलं नसतं.”

“ते मला माहीत होतं,” हरिणी म्हणाली. “म्हणून तर बोलले नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. सोमवारी सकाळच्या पाळीला यायचं की दुपारच्या, एवढंच तिनं पुढे विचारलं. सकाळच्या, असं चंद्रिकानं सांगितलं, आणि तेवढं सांगतानाही तिला हरिणीच्या डोळ्यांकडे बघता आलं नाही.